सतरा शिट्ट्या

बास्केटबॉलचा सामना संपला तेव्हा फलकावर ३१–३८ होतं आणि मोनालीचं रक्त उकळत होतं. चंद्रपूरच्या त्या सिमेंटच्या कोर्टवर पोंभुर्ण्याच्या मुलींविरुद्ध सतरा वेळा ट्रॅव्हलिंगची, म्हणजे बॉल हातात धरून चालल्याची, शिट्टी वाजली होती, समोरच्यांविरुद्ध दोनदा. मोनाली पोंभुर्ण्याची कॅप्टन. सतराही तिने मोजल्या होत्या.

"विकली गेली थे रेफ्री!" कोच विक्की सर गरजले. "कालची पोरगी, आपल्याले नियम शिकवून राह्यली!"

रेफ्री होती आरमोरीची निशात, शिवणकाम करणाऱ्या रफीकभाईंची मुलगी. तिचं हे पहिलंच वर्ष. गुणलेखकाच्या टेबलाशी ती पाणी पीत उभी होती, काही ऐकूच येत नसल्यासारखी.

तक्रार करायची तर गुणपत्रकावर कॅप्टनची सही लागते, तीही पंधरा मिनिटांच्या आत. पक्षपाताची तक्रार सरांनी लिहूनही टाकली होती. "सही झाली तर या पोरीले पुन्हा कोणी बोलवणार नाई," गुणलेखक सगळ्यांदेखत म्हणाला.

"द्या पेन," मोनाली म्हणाली.

"थांब, पुरावा पाह्य आधी." सरांनी मोबाइल पुढे केला; बाकावर बसलेल्या राखीव चंचलने त्यावर सगळा सामना टिपला होता. "सांग, इथी काय चूक हाय तुही?"

मोनालीने पाहिलं. बॉल हातात आला, ती निघाली. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि मग बॉल जमिनीवर. तिने व्हिडिओ मागे नेला. पुन्हा तेच. चंचल खांद्यावरून वाकली.

"अवो माय! आपन सगळ्याच तशा!"

शाळेचं मैदान धुळीचं. तिथे बॉल टाकला की फसकन बसतो. म्हणून सर पहिल्या दिवसापासून ओरडायचे, "आधी पाय काढ, मंग टाक!" दोन पावलं फुकटची मिळाली की समोरची मागे पडायची, मग बॉल कसाही उसळो. नियम मात्र साधा आहे: बॉल घेऊन निघताना तो हातातून सुटल्याशिवाय टेकलेला पाय उचलायचा नाही. पण शिट्ट्या वाजल्या की दर वर्षी दोष पंचाचाच: गेल्या वर्षीचा पंच दारू पिऊन आला होता, त्याआधीचा समोरच्यांचा मेहुणा होता. सरांनी सांगितलं, मुलींनी मानलं.

"सर, तीन वर्षं हे काऊन नाई सांगितलं आमाले?"

"सही कर. सात मिनिटं राह्यले."

"हे ट्रॅव्हलिंगच हाय."

"आपल्या गावात असंच खेळतेत!"

"मंग गावातच खेळू. इथी कायले आणलं?"

चंचलला हसू फुटलं. सरांनी पेन तिच्यापुढे धरलं. "तू कर सही. उद्यापासून कॅप्टन तूच."

"उद्यापासून असन," गुणलेखक म्हणाला. "आजच्या पत्रकावर मोनालीचं नाव हाय."

मोनाली हात मागे बांधून उभी राहिली. कॅप्टनपद गेलंच होतं. विभागीय निवडीला सरांची शिफारस लागते, तीही गेली. तिला चीड त्याची नव्हती. तीन वर्षं रोज सकाळी धूळ खात, घाम गाळत तिने एक चूक मन लावून पक्की केली होती, आणि जो माणूस ती रोज समोर उभा राहून बघत होता, तो आज बोट दुसरीकडेच दाखवत होता.

पंधरा मिनिटं संपली, तसं गुणलेखकाने सहीविना पत्रक उचललं.

"तुले कॅप्टन केलं, थेच माही चूक," सर म्हणाले.

"असन सर," मोनाली म्हणाली. "पन थेवढी चूक तरी रेफ्रीच्या माथी मारू नका."