एस्नाती माईंची पाचवी नळी

एस्नाती लिकाग्वा यांनी संमतीपत्र वाचलं. चारही पानं, बोट ठेवून. आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या आवारात संशोधनाचा विभाग आहे, तिथे मी सात वर्षं काम केलं. तेवढ्या काळात पूर्ण संमतीपत्र वाचणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही. मी स्वतः लोकांना ते वाचून दाखवायचो तेव्हा तिसरं पान गाळत असे.

माझं नाव वायसन कापालामुला. मलावीच्या दक्षिणेला, शिरे नदीच्या अंगाला आमचा जिल्हा. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी कुठली जास्त लागू पडते, याचा अभ्यास चालू होता. माझ्या वाट्याला एकसष्ट माणसं होती. दर दोन महिन्यांनी सायकलवरून प्रत्येकाच्या घरी जायचं, रक्तदाब मोजायचा, एक नळी रक्त काढायचं, सही घ्यायची आणि साबणाची एक वडी द्यायची. एस्नाती माई साठीच्या आसपासच्या. बाजारात सुकी मासळी विकायच्या आणि चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या.

"तिसऱ्या पानावर लिहिलंय, माझं रक्त पाच वर्षं साठवणार," त्या म्हणाल्या. "कुठे?"

"फ्रीजरमध्ये, माई."

"त्याच्याकडे लक्ष कोण देतं?"

"एक माणूस आहे."

"लग्न झालेला?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सही केली, पण प्रश्न सोडला नाही. मार्चमध्ये विचारलं, मेमध्ये विचारलं. सप्टेंबरमध्ये रक्त देऊन झाल्यावर बाहीचं बटण लावता लावता म्हणाल्या, "चौथ्या पानावर लिहिलंय की मनात येईल तो प्रश्न विचारा, समाधान होईपर्यंत उत्तर मिळेल. माझं समाधान झालेलं नाही. मला बघायचंय."

मी हे डॉक्टर तियामिके म्वाले यांच्या कानावर घातलं. या अभ्यासाच्या त्या प्रमुख. बाई कामाला कडक, पण अन्याय करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी नैतिकता समितीला पत्र लिहिलं. समितीचं उत्तर पाच आठवड्यांनी आलं. आपलंच रक्त पाहायला मनाई करणारा नियम सापडला नाही, असं त्यात लिहिलं होतं. नियम सापडावा अशी माझी फार इच्छा होती.

त्याचं कारण जुलैमधलं.

जुलैमध्ये मी माईंच्या घरी गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, त्या बहिणीकडे मांगोचीला गेल्यात, महिना लागेल. माझ्या यादीतली तीन माणसं आधीच हुकली होती. चौथं हुकलं की विभागातल्या फळ्यावर माझ्या नावापुढे लाल खूण झाली असती, आणि सात वर्षांत ती एकदाही झाली नव्हती. मी माईंच्या ओसरीवर बसलो. डाव्या दंडाला पट्टा बांधला आणि उजव्या हाताने माझंच रक्त काढलं. नळीला त्यांचा क्रमांक चिकटवला. रक्तदाब मेमधलाच लिहिला, फक्त दोन अंकांनी वाढवून, म्हणजे खरा वाटावा. सहीच्या जागी त्यांची सही केली. शेऱ्याच्या रकान्यात 'प्रकृती उत्तम, मनःस्थिती प्रसन्न' असं लिहिलं. साबण मात्र मी घेतला नाही. तो उंबऱ्यावर ठेवला.

ऑगस्टमध्ये माई परतल्या आणि विभागातून त्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली. रक्तात साखर फार वाढली आहे, चहात साखर घालू नये, रताळी खाऊ नयेत. ती चिठ्ठी पोचवायचं काम माझंच होतं. मी वाटेत थांबून ती दोनदा वाचली. साखर कुणाची वाढली आहे हे मला कळत होतं. मी ते न कळल्यासारखं केलं आणि चिठ्ठी माईंच्या हातात दिली.

"मला तर काही होत नाही," त्या म्हणाल्या.

"साखरेचं असंच असतं, माई. कळत नाही."

त्या दिवसापासून त्यांनी बिनसाखरेचा चहा घ्यायला सुरुवात केली. आमच्याकडे चहात साखर चार चमचे पडते, त्यामुळे बिनसाखरेचा चहा म्हणजे शिक्षाच. सप्टेंबरची तपासणी आली ती अगदी स्वच्छ. डॉक्टर म्वालेंनी बैठकीत त्यांचं उदाहरण दिलं. पथ्य मनापासून पाळलं की काय होतं बघा, म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी माई आल्या. एकट्या नव्हत्या. मंडळाच्या सात बायका बरोबर होत्या, सगळ्या गणवेशात, डोक्यावर पांढऱ्या टोप्या. एकीच्या हातात न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, डबा होता. आजाऱ्याला भेटायला जाताना डबा न्यायचा असतो, म्हणून तिने आणला होता. इथे नक्की कुणाला भेटायचंय हे रस्त्यात ठरलं नव्हतं.

फ्रीजर सांभाळणारा माणूस म्हणजे ल्युसियस. माईंनी आधी त्याला विचारलं, तेव्हा तो विवाहित निघाला. मग त्याने जाड हातमोजे चढवून दार उघडलं, पांढरी वाफ बाहेर आली आणि बायका एक पाऊल मागे सरकल्या.

"दार फार वेळ उघडं ठेवता येत नाही," ल्युसियस म्हणाला. "भोंगा वाजतो."

"मग प्रार्थना थोडक्यात करू," एक बाई म्हणाली, आणि केली. प्रार्थना संपता संपता भोंगा वाजला. ल्युसियसने माईंची पेटी बाहेर काढून दार लावलं.

माईंनी चष्मा घातला आणि हात न लावता मोजलं.

"पाच आहेत," त्या म्हणाल्या.

"हो, पाच," डॉक्टर म्वाले म्हणाल्या. "जानेवारी, मार्च, मे, जुलै, सप्टेंबर."

"मी चार वेळा दिलं. जुलैमध्ये मी मांगोचीला होते."

डॉक्टरांनी नोंदवही मागवली. जुलैच्या पानावर माझी सही होती, त्यांची सही होती आणि माझा शेरा होता. डॉक्टरांनी शेरा मोठ्याने वाचला.

"मनःस्थिती प्रसन्न होती, हे खरं," माई म्हणाल्या. "पण मांगोचीत."

डॉक्टर म्हणाल्या, "नळ्यांवरच्या क्रमांकांची अदलाबदल झाली असेल. वायसन, त्या दिवशी तुम्ही आणखी कुणाकुणाकडे गेला होता?"

चार नावं सांगता आली असती. त्यांतल्या एकाच्या माथी ती नळी मारली असती तर ते खपूनही गेलं असतं, असं मला आजही वाटतं. पण समोर त्या आठ बायका मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि कुणी माझ्यावर संशयसुद्धा घेत नव्हतं.

"ते माझं रक्त आहे," मी म्हणालो.

डबेवाली बाई म्हणाली, "दुखलं का?"

"थोडं."

"स्वतःचं स्वतः काढलंस?"

"हो."

"साबण?"

"उंबऱ्यावर ठेवला."

"तो मला वाटलं पाद्र्यांनी ठेवला," माई म्हणाल्या. मग पेटीकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे साखर माझी नव्हती."

"नाही."

"आणि चिठ्ठी तू हातात दिलीस. माझ्या तोंडाकडे बघून."

त्या चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं, पण त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला.

डॉक्टर म्वालेंनी ड्रॉवरमधून सुई काढली आणि तिथल्या तिथे माझ्या बोटातून थेंब घेतला. यंत्राचा आकडा बघून त्या म्हणाल्या, "तुम्हाला खूप तहान लागते का?"

"सायकल चालवतो म्हणून लागत असेल."

"रात्री झोपेत सायकल चालवता?"

त्यांनी मला दोन कागद दिले. एक मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागाचा, दुसरा निलंबनाचा. माझ्या एकसष्ट माणसांच्या घरी दुसऱ्या दोघांना पुन्हा पाठवावं लागलं. सात वर्षांत खोटी नळी मी एकदाच भरली होती, पण यावर कुणी विश्वास ठेवावा असं मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. समितीला अकरा पानांचा अहवाल गेला. नोकरी गेली ती गेलीच.

महिन्याभराने माईंनी निरोप पाठवला. रविवारी घरी ये, मंडळ जमणार आहे. मला वाटलं बोलणी खायची आहेत, म्हणून धुतलेला शर्ट घालून गेलो. अंगणात चटया टाकल्या होत्या, तीसेक बायका होत्या.

"गावात बोलतात की हॉस्पिटलवाले रक्त विकतात," माई मला म्हणाल्या. "मी बघून आले, पण माझं एकटीचं कोण ऐकणार? तू आतला माणूस. काय केलंस, कसं केलंस, रक्त कुठे जातं, सगळं तुझ्या तोंडाने सांग. तिसऱ्या पानासकट."

मी उभा राहिलो आणि सांगितलं. तासभर लागला. मधे दोघीजणी हसल्या, एक उठून गेली. तिसरं पान मी त्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. शेवटी एका म्हातारीने विचारलं की गोळ्या अजून घ्यायच्या की सोडायच्या. मी म्हणालो, घ्यायच्या. तिने मान हलवली, पण पटलं का ते कळलं नाही.

मग चहा आला. माईंनी आपल्या कपात चार चमचे घातले, माझ्या कपात काहीच घातलं नाही, आणि शेजारी सरकून मला चटईवर जागा करून दिली.