मोनिकाची गायब अक्षरं

मोनिकाच्या घरात कुणावर विश्वास ठेवायची पद्धत नाही. तिची आई जयमाला डब्यातलं पीठ सपाट करून त्यावर बोटांचे ठसे उमटवून ठेवते, म्हणजे मागं कुणी वाटीभर काढलं तर कळावं. डेअरीत दूध घालायला गेली की काट्यापेक्षा काटा बघणाऱ्याच्या तोंडाकडे तिचं लक्ष जास्त. अशा माउलीची लेक हिवरे बाजारच्या अलीकडच्या गावातून एसटीनं नगरला डिप्लोमाला यायला लागली, ती आईचे डोळे घेऊनच आली.

स्टँडवरून सावेडीतल्या कॉलेजपर्यंत तिला करण स्कूटरवर न्यायचा. करण तिचा लॅबमधला पार्टनर. दोघं एकाच मशीनवर बसायची. वडिलांना स्टँडजवळच्या दुकानात सोडून तो तसाच पुढं यायचा, मग हिलाही घ्यायचा. पोरगा मोकळाढाकळा. पाणी प्यायला गेला तरी पेनड्राईव्ह मशीनलाच लावलेला सोडून जायचा. मोनिका मागच्या सीटवर बसून विचार करायची, की हा आपल्याला फुकट का नेतो? कारण सापडत नव्हतं, आणि कारण सापडलं नाही की तिला हमखास वाईटातलं कारण सुचायचं.

लॅब घेणाऱ्या दीपा मॅडमनी सी भाषेतला सोपा प्रोग्रॅम दिला. पाच अक्षरं टाईप करायची, प्रोग्रॅमनं ती वाचायची आणि एबीसीडीच्या क्रमानं लावून दाखवायची. दोघांनी मिळून तो लिहिला. करणनं चालवून बघितला, पाचही अक्षरं गुणी पोरांसारखी रांगेत आली. मग तो पाणी प्यायला गेला आणि मोनिका टाईप करायला बसली. पी, डी, ए अशी तीनच अक्षरं टाकली, तोवर मशीननं उत्तर देऊन टाकलं. वर मोकळी जागा, खाली ए, डी आणि पी. उरलेली दोन अक्षरं मशीननं घेतलीच नाहीत.

करण परत आला. त्यानं चालवला तर पाचच्या पाच हजर.

मोनिका त्याला काही बोलली नाही. चोराला चोरी विचारायची नसते, असं जयमालाबाईंचं म्हणणं. घरी जाताना तिनं प्रोग्रॅमच्या सातव्या ओळीत गुपचूप एक जादा जागा सोडून ठेवली. पिठावरचा ठसाच तो. दुसऱ्या दिवशी ठसा जसाच्या तसा होता, पण करणची पाठ वळली की अक्षरं पुन्हा गायब. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, की याला कुणी हात लावलेला नाही. मोनिका मनाशी म्हणाली, चोर हुशार आहे, ठसासुद्धा परत उमटवून जातो. कुठंतरी पाणी मुरतंय याबद्दल तिची खात्रीच झाली. वर्गात पहिलं येण्यासाठी माणूस काय वाटेल ते करतो.

शेवटी ती मॅडमकडे गेली.

"मॅडम, करण असला की प्रोग्रॅम चालतो, नसला की अक्षरं जातात. तोच कायतरी करतोय."

मॅडमच्या टेबलावर सगळ्या वर्गाची सबमिशनं पडली होती. त्यांनी सोपा मार्ग काढला. करणला दाराजवळच्या मशीनवर बसवलं आणि शुक्रवारी दोघांनी आपापला प्रोग्रॅम समोर चालवून दाखवा म्हणून सांगितलं. करणनं खोडी केल्याचं निघालं तर त्याची टर्म अडकणार, हेही सगळ्यांदेखत सांगितलं. करण म्हणाला, मी काय केलं? मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी बघू. त्यानं मोनिकाकडे बघितलं. मोनिकानं पडद्याकडे.

त्यानंतर स्टँडवर स्कूटर आली नाही. मोनिका रिक्षानं गेली आणि वाटेत मनात म्हणाली, मन साफ असतं तर आला असता.

शुक्रवारी ती एकटी मशीनसमोर बसली. करण पार दाराशी. आता काय बिशाद आहे अक्षरांची जायची! तिनं पी दाबला आणि मशीननं तो घेतला की नाही याची खात्री म्हणून एंटर हाणला. डी, एंटर. ए, एंटर. आणि उत्तर आलं. वर मोकळी जागा, खाली तीन अक्षरं.

मॅडम म्हणाल्या, परत कर. पुन्हा तेच. तिनं दाराकडे मान वळवली. करण पाचही अक्षरं एका दमात टाईप करत होता, आणि शेवटी एकदाच एंटर.

मॅडमनीही ते बघितलं. "तू प्रत्येक अक्षरामागं एंटर का मारतेस?"

"घेतलं का न्हाई, खात्री नको?" मोनिकाच्या तोंडून घरचीच बोली बाहेर पडली.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की मशीनला एंटर हेसुद्धा एक अक्षरच. पाचांत तेही मोजलं जातं, क्रम लावताना सगळ्यांच्या आधी जाऊन बसतं आणि नुसती मोकळी जागा दिसते. तीन अक्षरं आणि मधले दोन एंटर, झाले पाच. करणनं काहीही केलेलं नव्हतं. मॅडमनी ते वर्गात मोठ्यानं सांगितलं, पण आधीचं जितकं मोठ्यानं सांगितलं होतं तितकं काही ते ऐकू गेलं नाही.

मोनिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलेज सुटल्यावर ती स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"मला एकदा विचारायचं तरी."

"व्हय."

करणनं स्कूटरला किल्ली लावली. मग म्हणाला, "बस, स्टँडला सोडतो."

सोमवारी स्कूटर स्टँडवर आली. लॅबमध्ये दोघं पुन्हा जुन्या मशीनवर बसली. करण नेहमीसारखा बोलत होता, एकदोनदा हसलासुद्धा. मोनिकाला वाटलं, सुटले. आता आयुष्यात कुणावर संशय घ्यायचा नाही, असंही तिनं मनाशी ठरवून टाकलं.

तासाच्या मध्ये करण पाणी प्यायला उठला. दोन पावलं गेला, थांबला, परत आला. त्यानं पेनड्राईव्ह काढून खिशात टाकला आणि मग गेला.