खोट्या गवतावरचा भोपळा

एकतीस वर्षं गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेतलेल्या माणसाला लोक तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'नापासकाका'. हे दुसरं नाव काकांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर ते त्यांना मनातून आवडायचंही. चढावर गाडी बोटभर मागे घसरली, नापास. आरशात न बघता वळला, नापास. सगळं बिनचूक केलं, पण शेवटी सुटकेचा सुस्कारा टाकताना हँडब्रेक ओढायचा राहिला, तरी नापास. सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी दोनदा हात हलवत घरी पाठवलं होतं. तोच मेहुणा त्या सकाळी दारात उभा होता. एका हातात झाकणाची टोपली, काखेत भलामोठा चपटा खोका.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. तीन महिने जिना उतरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घर सहाव्या मजल्यावर, आणि लिफ्ट आठवड्यातले चार दिवस चालायची. कोणते चार, ते तिचं तिलाच ठाऊक. घरात बसून बसून काकू इतक्या कावल्या होत्या की समोरच्या इमारतीत कोण कधी कपडे वाळत घालतं, हे त्यांना पाठ झालं होतं.

"ताई, तुला सोबत आणलीय," म्हणत मेहुण्याने टोपली खाली ठेवली आणि झाकण काढलं. आतून पिवळट नारिंगी रंगाचं, गोल गरगरीत कुत्र्याचं पिल्लू बाहेर पडलं, दोन पावलं डुलत चाललं आणि काकांच्या चपलेवर बसून मोकळं झालं.

"हे काय?" काका म्हणाले.

"पिल्लू आहे, भाऊजी."

"ते दिसतंय मला. चपलेवर हे काय?"

"त्याचीच तर सोय आणलीय!" मेहुण्याने खोका फाडला. आतून निघाला एक ट्रे. खाली ओढता येणारा खण, त्यावर जाळी आणि जाळीवर हिरव्यागार खोट्या गवताचा तुकडा. "हा बाल्कनीत ठेवायचा. तो गवतावर करणार, पाणी खाली खणात जाणार, तुम्ही खण धुवायचा. जिना उतरायचं कामच नाही."

"आणि गवतावर करायचं, हे त्याला कोण सांगणार?"

"शिकवायचं की," मेहुणा म्हणाला, आणि गाडी चुकीच्या ठिकाणी लावलीय असं सांगून सटकला. ते ऐकून तर काकांचं डोकं आणखीच फिरलं.

तोवर पिल्लू काकूंच्या मांडीवर पोचलं होतं आणि त्याचं बारसंही उरकलं होतं. भोपळा.

"अगं, मी परीक्षक होतो. शिकवणं हे माझं काम नव्हे," काका म्हणाले.

"तेच म्हणते मी," काकू म्हणाल्या. "जन्मभर लोकांना नापास केलंत. आता एकाला तरी पास करून दाखवा. मला वाकता येत नाही."

हे काकांना चांगलंच झोंबलं. त्यांनी कपाटातून कोरी वही काढली, पट्टीने रकाने आखले: वेळ, ठिकाण, ट्रेपासूनचं अंतर, शेरा. पहिल्या दिवसाच्या नोंदी अशा होत्या. सकाळी सात दहा, दाराजवळचं पायपुसणं, अडीच मीटर, नापास. आठ पाच, सोफ्याचा पाय, चार मीटर, नापास. दहा वाजता भोपळा आपणहून ट्रेवर चढला. काका श्वास रोखून उभे राहिले. भोपळ्याने गवतावर अंग टाकलं, तासभर झोप काढली, जागा झाल्यावर आळस दिला, खाली उतरला आणि ट्रेला टेकूनच फरशीवर केलं. अंतर शून्य. तरीही नापास.

तिसऱ्या दिवशी काकांनी प्रात्यक्षिक द्यायचं ठरवलं. बाल्कनीत गुडघ्यांवर ओणवे होऊन त्यांनी तांब्यातल्या पाण्याची धार गवतावर सोडली आणि भोपळ्याला म्हणाले, "असं. इथे. समजलं?" भोपळ्याने पाणी चाटून पाहिलं. समोरच्या बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बाई हातातली झारी तशीच धरून बराच वेळ बघत राहिल्या आणि मग आत जाऊन त्यांनी आपल्या नवऱ्याला बोलावून आणलं.

चौथ्या दिवशी काकांचा संयम सुटला. फरशीवरच्या थारोळ्याकडे बोट दाखवत त्यांनी पिल्लाला नापास उमेदवाराला करतात तसा उपदेश केला: चूक काय, का आणि तिचे परिणाम काय. त्याचा परिणाम असा झाला की भोपळा आता काकांच्या समोर काही करेचना. तो कपाटामागे जाऊन करू लागला, पडद्याआड करू लागला. एकदा तर तो अर्धा दिवस दम धरून बसला.

"कसं होणार त्याचं?" काकू म्हणाल्या. "तुम्ही वही-पेन घेऊन समोर उभे राहता. अहो, माझंसुद्धा अडलं असतं."

"मग काय करू?"

"तिसऱ्या मजल्यावर क्लचबाईकडे जा. तिच्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही जिना झेपत नाही. तिच्याकडे असाच ट्रे आहे."

तिसऱ्या मजल्यावर राहायच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाई. गाडीत विद्यार्थ्यावर "क्लच! क्लच!" असं ओरडायची सवय, म्हणून सगळे त्यांना क्लचबाई म्हणत. त्यांच्या शाळेतले निम्मे विद्यार्थी काकांनी किमान एकदा तरी परत पाठवले होते. त्यांच्या दारात जाऊन शिकवा म्हणायचं? काका म्हणाले, "मेलो तरी जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी आंघोळीला जाताना ते वही खाली ठेवून गेले. बाहेर येऊन बघतात तर भोपळ्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नेम साधला होता. बरोबर वहीच्या मधोमध. शाई फुटून 'नापास'चे सगळे शेरे एकमेकांत मिसळले होते. काकांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि निमूटपणे तीन मजले उतरले.

"या साहेब," क्लचबाईंनी दार उघडलं. घाई कसलीच नव्हती त्यांना. खुर्ची दिली, चहा ठेवला, आणि काकांनी आपली अडचण चाचरत सांगितली ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "माझ्याकडे एक बेकरीवाली शिकायला होती. आठवते? पाच वेळा नापास केलीत."

"तिचं आरशात लक्ष नव्हतं."

"तिचं लक्ष तुमच्याकडे होतं. तुम्ही शेजारी बसून पेनाचं टोपण काढलंत की तिचे पाय लटलटायचे. माझ्याबरोबर तीच बाई अख्खा घाट चढून जायची."

असं काकांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"बरं, तुमचं पायपुसणं कसलं आहे?" क्लचबाईंनी विचारलं.

"हिरवं. केसाळ."

"मग त्याचं काय चुकलं? घरात गवताचे दोन तुकडे ठेवलेत तुम्ही. एक उचला. पिल्लू झोपून उठलं, जेवलं, खेळलं, की लगेच नेऊन ट्रेवर ठेवायचं. हुंगत गोल फिरायला लागलं, की वेळ झाली समजा. शू पुसलेला कागद ट्रेवर ठेवा, वासाने जागा ओळखेल. फरशी मात्र अशी धुवा की वास उरता कामा नये. रागवायचं नाही. आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही."

"बघायचं नाही तर कळणार कसं?"

"डोळ्याच्या कोपऱ्यातून. आणि झालं की त्याच क्षणी शाब्बास म्हणून खाऊ द्यायचा. पाच मिनिटांनी दिलात तर त्याला वाटेल, चालत आल्याबद्दल मिळाला."

काका चुळबुळले. "शाब्बासच म्हणायला हवं का?"

"का, जड जातंय? म्हणून बघा इथे."

काकांनी घसा खाकरला आणि अपघाताची खबर द्यावी अशा आवाजात म्हणाले, "शाब्बास." कोपऱ्यात पहुडलेला क्लचबाईंचा म्हातारा कुत्रा उठला आणि दुसऱ्या खोलीत निघून गेला.

त्यानंतर रोज सकाळी न्हाणीघरातून घशातल्या घशात आवाज येऊ लागले. काकूंना वाटलं, यांना खोकला झालाय. पण पायपुसणं दाराबाहेर गेलं होतं, वही केराच्या डब्यात गेली होती, आणि काका उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे खिशात घेऊन घरभर फिरत होते. भोपळा डोळे चोळत उठला की त्याला उचलून ट्रेवर ठेवायचं आणि आपण आकाशाकडे बघत उभं राहायचं. या नव्या पद्धतीच्या सहाव्या दिवशी जाळीखालच्या खणात टपटप आवाज झाला. काका इतके दचकले की शाब्बास म्हणायचंच विसरले आणि तो चिकनचा तुकडा त्यांनी स्वतःच तोंडात टाकला.

हळूहळू जमू लागलं. पाचातल्या तीन वेळा ट्रेवर, मग चार वेळा. पण घरी कुणी परकं माणूस आलं की पहिले पाढे पंचावन्न.

अशात लिफ्टच्या प्रश्नावर इमारतीतल्या रहिवाशांची बैठक ठरली. काकू समितीच्या सचिव. त्या खाली येऊ शकत नाहीत, म्हणून समितीच वर आली. एका रविवारी दुपारी क्लचबाई धरून आठ माणसं, तीही धापा टाकत, कारण लिफ्टने तोच दिवस निवडला होता. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आल्या आल्या नाक उडवून म्हणाले, "लिफ्टचं राहू द्या, आधी या कुत्र्याचं बोला. बाल्कनीत घाण करतो म्हणे. उद्या वास खालपर्यंत येईल."

"वास येतोय का आत्ता?" काकूंनी विचारलं.

"आत्ता नाही. पण येईल."

वाद चांगलाच तापला. त्या आवाजाने टेबलाखाली झोपलेला भोपळा जागा झाला. बाहेर आला, बाल्कनीच्या दारापाशी गेला, नाक जमिनीला लावून एक गोल चक्कर मारली. मग दुसरी.

"गप्प!" काका एकदम ओरडले. "कुणी त्याच्याकडे बघू नका! भिंतीकडे बघा सगळे!"

एकतीस वर्षांचा आवाज होता तो. आठही जण शाळेतल्या मुलांसारखे भिंतीकडे वळले. डॉक्टरांच्या वाट्याला भिंत आली नाही, म्हणून ते पंख्याकडे बघू लागले. क्लचबाईंनी तर डोळेच मिटले. खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, इतकी शांतता. आणि मग त्या शांततेत खणात टपटप वाजलं.

"शाब्बास!" काका म्हणाले. या वेळी तो शब्द पोटातून आला होता. ते खाली बसले, तळहातावरचा तुकडा पुढे केला. भोपळा शेपटी हलवत तुकड्यासकट तळहातही चाटू लागला. नवऱ्याला कुणाचं तरी कौतुक करताना काकू पहिल्यांदाच बघत होत्या.

इतक्यात डॉक्टरांना भरून आलं आणि त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. भोपळा दचकला, उधळला, आणि उरलंसुरलं सगळं त्याने डॉक्टरांच्या मोज्यावर मोकळं केलं.

"हे मोजायचं नाही," क्लचबाई म्हणाल्या. "तुम्ही घाबरवलंत त्याला."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. बोटभर घसरलेल्या गाडीलाही माफ न करणारा माणूस तो. काकांनी डॉक्टरांच्या ओल्या मोज्याकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही मोजायचं. पास."

लिफ्टचा ठराव मग एकमताने मंजूर झाला, कारण डॉक्टरांना लवकर घरी जायचं होतं.

तीन महिने झाले. डॉक्टरांनी, म्हणजे गुडघ्याच्या, जिना उतरायला परवानगी दिली. काकू काठी टेकत टेकत खाली आल्या आणि तिघंही बागेत गेले. चहूकडे दवाने भिजलेलं खरंखुरं गवत. भोपळ्याने ते हुंगलं, एक चक्कर मारली, काकांकडे प्रश्नार्थक पाहिलं आणि खाली बसला. दीड तास झाला तरी काही करेना. शेवटी त्याला घरी आणलं, तसा तो बाण सुटावा तसा बाल्कनीत धावला. तीन दिवस हेच.

"तुम्ही जरा जास्तच चांगलं शिकवलंत," काकू म्हणाल्या.

चौथ्या दिवशी काका ट्रेवरचं गवत गुंडाळून काखेत मारून निघाले. बागेतल्या गवतावर त्यांनी ते खोटं गवत अंथरलं आणि भोपळ्याने समाधानाने त्यावर कार्यभाग उरकला. पळायला आलेला एक गृहस्थ थांबून म्हणाला, "काका, इथे एवढं गवत पसरलंय की!"

"त्याला ते नवीन आहे," काका शांतपणे म्हणाले. "वेळ लागतो."

त्यांनी घाई केली नाही. रोज संध्याकाळी कात्री घेऊन त्या तुकड्याची कड दोन बोटं कापायची, सकाळी उरलेला तुकडा बागेत न्यायचा. तुकडा उशीएवढा झाला, मग रुमालाएवढा, मग पुस्तकाएवढा. मधे एकदा भोपळा बिथरला, तेव्हा काकांनी दोन दिवस कात्रीला हात लावला नाही.

मग एका सकाळी खिशातून तो तळहाताएवढा तुकडा काढायला काकांनी हात घातला. वर बघतात तर भोपळा झाडाच्या बुंध्यापाशी मागचा पाय उचलून उभा. काका खिशात हात तसाच ठेवून क्षणभर दुसरीकडे बघत राहिले.

"झालं का?" बाकावरून काकूंनी विचारलं.

"झालं," काका म्हणाले. "ऊठ. आज तळ्यापर्यंत जाऊन येऊ."