दहा दिवसांची पाहुणी

सान लुकास आतेमोल्कोमध्ये इंग्रजी येणारी माणसं एकूण अडीच. एक ओर्तेन्सिया, दुसरा शाळेतला मास्तर आणि अर्धा तो औषधाच्या दुकानाचा मालक, ज्याला फक्त आजारांची नावं येत. मास्तर लाजाळू. त्यामुळे एखादा परदेशी माणूस चुकूनमाकून डोंगर चढून आलाच, तर गाडीवाला त्याला थेट ओर्तेन्सियाच्या दारात उतरवून मोकळा होई. शिकागोत सहा वर्षं हॉटेलच्या खोल्या झाडून तिने ती भाषा कमावली होती, आणि बोलायची संधी मिळाली की तिची मान जरा ताठ होई. हा काही गुन्हा नव्हे. पण पुढचं सगळं पाप त्या ताठ मानेपासून सुरू झालं, हे तिला नंतर स्वतःशी कबूल करावं लागलं.

डिसेंबरात लॉर्ना नावाच्या बाईचं पत्र आलं. ओहायोची, शाळेतली निवृत्त ग्रंथपाल, नवरा वारलेला. उरलेलं आयुष्य मेक्सिकोत काढायचं तिने ठरवलं होतं, पण ज्या गावात नाश्त्याच्या टेबलावर सगळे अमेरिकनच भेटतात तिथे नाही. कुणी नाव ऐकलेलं नसेल असं गाव तिला हवं होतं. तिने तीन गावं निवडली होती. प्रत्येक ठिकाणी दहा दिवस राहून ती निर्णय घेणार होती. एक तळ्याकाठचं, एक समुद्राजवळचं आणि शेवटचं आपलं सान लुकास.

ओर्तेन्सिया त्या दोन गावांवर खारच खाऊन बसली. तळं काय, समुद्र काय! आपल्याकडे धुकं होतं, कॉफी होती आणि भले लोक होते. तिने ह्यूस्टनला भावाला फोन लावला.

"आपलं घर दे की तिला," अबुंदिओ म्हणाला. "आवडलं तर वर्षभरासाठी घेईल. कुलूप लावून ठेवण्यापेक्षा बरं."

"कुलूप कुठे आहे? कोमाद्रे राहतात तिथे."

"त्यांना तुझ्याकडे ने. तेंचा, घर मी बांधलंय ना? का तेही विसरलात सगळे?"

घर त्यानेच बांधलं होतं, परदेशात राबून, एकेक मजला करत. मात्र त्यात तो सलग महिनाभरही झोपला नव्हता. इकडच्या ओलीत रिकामं घर टिकत नाही. म्हणून अकरा वर्षांपूर्वी ते या कोमाद्रेच्या, म्हणजे ब्रीहिदाच्या, हवाली केलं होतं. राहा आणि सांभाळा, एवढंच बोलणं झालं. कागद केला नाही. कोमाद्रेकडे कागद मागायची सान लुकासमध्ये रीतच नाही.

ब्रीहिदाने ओर्तेन्सियाच्या लेकीला, यादिराला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर धरलं होतं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या, आणि हे नातं गावात रक्ताच्या नात्यापेक्षा जड. कोमाद्रेशी भांडायचं नाही, तिला नाही म्हणायचं नाही. तिच्याशी खोटं बोलू नये असा नियम मात्र कुणी केला नव्हता, कारण तशी वेळ कुणावर येईल असं वाटलंच नव्हतं. ओर्तेन्सिया शिकागोत असताना यादिराचे दात पडले ते ब्रीहिदाच्या ओंजळीत, आणि नवे आले तेही तिच्याच डोळ्यांसमोर.

"कोमाद्रे, एक पाहुणी येतेय," ओर्तेन्सिया तिला म्हणाली. "दहा दिवसांसाठी. तिला घर लागेल."

"मग उतरव की माझ्याकडे! मी आपली स्वयंपाकघरात पडेन."

"तिला एकटीनं राहायची सवय आहे."

"अरेरे, बिचारी." ब्रीहिदाला मनापासून वाईट वाटलं. त्याच दुपारी तिने दोन पिशव्या भरल्या आणि ओर्तेन्सियाच्या मागच्या खोलीत, मक्याच्या पोत्यांशेजारी, खाट टाकली. "पण एक तारखेला मला माझी चूल मोकळी हवी हं, तेंचा. बाळ माझ्या तुकड्यात निघालंय."

तेंचा म्हणजे ओर्तेन्सियाच. घरचे सगळे तिला तशीच हाक मारत. आणि बाळ म्हणजे जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाला गोल पावात लपवतात ते बोटाएवढं बाळ. ज्याच्या तुकड्यात ते निघेल त्याने दोन फेब्रुवारीला पाव खाणाऱ्या सगळ्यांना आपल्या घरी तामाल, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले पिठाचे गोळे, खाऊ घालायचे. टाळाटाळ करणाऱ्याला गाव वर्षभर नावं ठेवतं. यंदा पाव खायला सतरा जण होते.

"एक तारखेला जाईल ती," ओर्तेन्सिया म्हणाली.

लॉर्ना आली. साठी उलटलेली, गुडघ्यांनी बेजार, आणि हातात वही. प्रत्येक गावाला वहीत एक पान. पाणी रोज येतं का? मंगळवारी आणि शुक्रवारी. इस्पितळ किती लांब? दीड तास, दरड कोसळली नाही तर. आवाज? चर्चच्या घंटा, फटाके, कोंबडे आणि गॅसच्या गाडीचा भोंगा. ओर्तेन्सियाने काही म्हणजे काही लपवलं नाही. आपल्या खरेपणाचं तिचं तिलाच कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉर्नाने विचारलं, "ती म्हातारी बाई कोण? जेरेनियमना पाणी घालत होती. मला मक्याच्या गरम तोर्तिया देऊन गेली."

"बाग बघते," ओर्तेन्सिया म्हणाली. "घराबरोबरच असते ती."

इतक्या सहज! जिभेला ठेचसुद्धा लागली नाही. नंतर तिला वाटलं, दम लागला असता, खोकला आला असता, तरी बरं झालं असतं.

ब्रीहिदा रोज जात राहिली. तिच्या कोंबड्या तिथे, तिची झाडं तिथे. दार वाजवायची, फडक्यात गुंडाळलेल्या तोर्तिया पुढे करायची, आणि आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारायची, "झोप लागली ना नीट?" लॉर्नाला कळायचं नाही. ती हसायची, मग ब्रीहिदाही हसायची. संध्याकाळी पोत्यांशेजारच्या खाटेवर बसून ब्रीहिदा म्हणायची, "गुणी आहे गं तुझी पाहुणी. आणखी राहिली असती तर!" आणि ओर्तेन्सियाच्या घशाखाली घास उतरत नसे.

तीस जानेवारीला लॉर्नाने वही मिटली. "ठरलं. हेच गाव. हेच घर, वर्षभरासाठी."

"पाणी दोनच दिवस येतं," ओर्तेन्सिया म्हणाली. तिला स्वतःलाच कळेना, ती असं का बोलली.

"चालेल. त्या दोन्ही गावांत मी दहा दिवस लोकांची दारं वाजवत फिरले. इथे रोज सकाळी कुणीतरी माझं दार वाजवतं." लॉर्नाचे डोळे भरून आले होते. "नवरा गेल्यापासून असं झालं नव्हतं."

अबुंदिओ फोनवर खूश झाला. कोमाद्रेंना आज सांगते, असं ओर्तेन्सिया तीसला मनाशी म्हणाली. एकतीसला म्हणाली, उद्या. कोमाद्रे मक्याची पानं भिजत घालत होत्या, मिरच्या निवडत होत्या, आणि गाणं गुणगुणत होत्या. अशा माणसाला कसं सांगायचं? शेवटी तिने सांगितलंच नाही, आणि एक तारीख उजाडली.

सकाळीच ब्रीहिदा घमेलंभर पीठ, डुकराची चरबी आणि मोठं पातेलं घेऊन आपल्या स्वयंपाकघरात दाखल झाली. पाहुणी आज जाणार, तर जाताना गरम तामाल तरी घेऊन जाईल, असा तिचा साधा हिशेब होता. लॉर्नाला वाटलं, गावचा सण आपल्या घरात आला. तिने बाह्या सरसावल्या आणि पानांवर पीठ थापायला बसली. दोघींच्या मध्ये ओर्तेन्सिया; तिच्याशिवाय त्यांचं एक अक्षर पुढे सरकत नव्हतं.

"तिला विचार," लॉर्ना म्हणाली, "ती पुढेही येत राहील ना? तिची जी काही मजुरी असेल ती मी देईन. तिच्याशिवाय या घरात मजा नाही."

"काय म्हणतेय?" ब्रीहिदाने विचारलं.

"पीठ छान हलकं झालंय म्हणते."

"तिला म्हणावं, माझ्या घरात तुझं मन रमलं, यातच मला सगळं मिळालं. आणि गाडी किती वाजताची ते विचार. पण नीट विचार हं, नाहीतर वाटेल हाकलतेय."

"ती म्हणते, नक्की येईन," ओर्तेन्सियाने इंग्रजीत सांगितलं.

लॉर्नाला एकदम काहीतरी आठवलं. हात पुसून ती आत गेली आणि एक चष्मा घेऊन आली. एक काडी दोऱ्याने बांधलेली. "हा पलंगामागे सापडला. कुणाचा आहे?"

ओर्तेन्सियाने तोंड उघडायच्या आतच ब्रीहिदाने आनंदाने हात पुढे केला. "अगं बाई! दहा दिवस शोधतेय मी! डोळ्यांवाचून मिरच्या निवडल्या." तिने पिठाच्या हातांनीच चष्मा चढवला, आणि तो तिच्या नाकावरच्या दोन खळ्यांत बरोबर बसला.

लॉर्नाने त्या खळ्यांकडे पाहिलं. मग पातेल्याकडे, फळीवरच्या भांड्यांकडे, जी ब्रीहिदा न पाहता हाताला लागावी तशी घेत होती.

"ओर्तेन्सिया," ती हळू म्हणाली, "या घरात कोण राहतं?"

आणि ओर्तेन्सियाने सांगितलं. सगळं. अकरा वर्षं, मक्याच्या पोत्यांशेजारची खाट, यादिरा, भाऊ, स्वतःचं खोटं. "ती मला विश्वासाने घर देऊन गेली, आणि मी तिला तिच्याच घरातून बाहेर काढलं. तिला अजून माहीत नाही." एकदा सुरू झाल्यावर ती थांबेना. इंग्रजीत ते इतकं सोपं होतं. पाप दुसऱ्या कुणाचं असावं तसं ते बाहेर येत होतं. तीन हातांच्या अंतरावर बसलेली ब्रीहिदा दोघींकडे पाहून अदबीने मान डोलवत होती आणि पानावर पीठ थापत होती.

लॉर्नाने हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी हे घर घेऊ शकत नाही. तिला सांग. आत्ता, माझ्यासमोर."

ओर्तेन्सिया ब्रीहिदाकडे वळली. चष्म्याच्या काचांना पीठ लागलं होतं, आणि काचांमागचे डोळे तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवून वाट पाहत होते.

"तिच्या मुलाचा फोन आलाय," ती म्हणाली. "तिला परत जावं लागतंय. पुन्हा नाही येणार."

ब्रीहिदाचा चेहरा पडला. लॉर्नाने तो पडलेला पाहिला आणि सांगून झालं असं ती समजली. तिने म्हातारीचे पिठाळ हात हातात घेतले आणि तिला येत होता तो एकच स्पॅनिश शब्द ती म्हणत राहिली. "पेर्दोन. पेर्दोन." माफ करा, माफ करा.

दुपारच्या गाडीने ती गेली. ब्रीहिदाने पहिल्या घाण्यातले सहा तामाल फडक्यात बांधून तिच्या मांडीवर ठेवले. खिडकीतून लॉर्नाने ओर्तेन्सियाकडे एकदाच पाहिलं. रागाने नव्हे, राग असता तर परवडलं असतं. गाडी वळणाआड गेल्यावर दोघी परतल्या. पातेल्यातून वाफ येत होती. ब्रीहिदा खुर्चीत बसली, मग उठून उभी राहिली.

"तेंचा, खरं सांग. माझ्यामुळेच गेली ना ती?"

"नाही हो, कोमाद्रे."

"तू असंच म्हणणार. मुलाचा फोन म्हणे! फोन वाजला असता तर मला ऐकू आला नसता का? अगं, एकटं राहायची सवय तिला, तू बजावलं होतंस. आणि मी रोज सकाळी जाऊन दार बडवत होते. आज तर अख्खा पसारा तिच्या डोक्यावर मांडला. चांगल्या घरची बाई, म्हणून उलट तीच माझी माफी मागून गेली. मला लाजेनं मेल्यासारखं झालंय." तिने हात जोडले. बहात्तर वर्षांच्या बाईने, जिने ओर्तेन्सियाची लेक वाढवली. "तुझी पाहुणी मी घालवली, कोमाद्रे. तुला किती हवं होतं, तिनं आपलं गाव निवडावं. मला माफ कर."

तासाभरापूर्वी जे ती न अडखळता बोलली होती, तेच आता आपल्या भाषेत बोलायचं होतं. दोन-तीन वाक्यं. ओर्तेन्सियाने श्वास घेतला. घर भाड्याने द्यायचं अबुंदिओने मनात घेतलं होतं, तो आज ना उद्या आणखी कुणाला तरी पाठवणारच होता, म्हणजे कधीतरी बोलावं तर लागणारच होतं. शब्द तोंडापर्यंत आले. ब्रीहिदा हात जोडून उभी होती. ते हात आधी खाली यावेत, एवढंच ओर्तेन्सियाला त्या क्षणी हवं होतं.

"केलं माफ, कोमाद्रे," ती म्हणाली.

ब्रीहिदाने डोळे मिटून छातीवर क्रुसाची खूण केली. तिचे खांदे सैल झाले. शालीच्या टोकाने तिने डोळे पुसले, झाकण उघडलं, सगळ्यांत मोठा तामाल निवडला, पान सोललं आणि ताटली ओर्तेन्सियापुढे ठेवली.

"खा, गरम आहे तोवर," ती म्हणाली. आणि ओर्तेन्सियाने तो खाल्ला.