सोबत कोण?

आमच्या घरातली सून गावाबाहेर निघाली की तिला एकच प्रश्न विचारतात, सोबत कोण? ती आग्र्याला डोळे दाखवायला जाणार असो की माहेरच्या लग्नाला, उत्तरात घरातल्या नाहीतर ओळखीतल्या एका पुरुषाचं नाव लागतं. त्याला मिसरूड फुटलेलं नसलं तरी चालतं. मी शाळेत अख्खी सातवी ताब्यात ठेवते, माधवगंजच्या गर्दीतून स्कूटर काढते, पण गावाची वेस ओलांडायची तर मला राखणदार हवा.

जैसलमेरच्या पलीकडे वाळूत दर हिवाळ्यात संगीत महोत्सव भरतो. सूर्य मावळला की गाणं सुरू, उजाडलं की बंद. सीमंतिनी, पद्मा, अवंतिका आणि मी, आम्ही कॉलेजच्या चौघी मैत्रिणी. दर वर्षी त्याचे व्हिडिओ एकमेकींना पाठवायचो, आणि दर वर्षी कुणाचं तरी बाळंतपण निघायचं, नाहीतर कुणाची तरी सासू आजारी पडायची. यंदा सगळ्या मोकळ्या होत्या. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, खरं सांगते. मला चार दिवस कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची मॅडम न होता राहायचं होतं. लग्न झाल्यापासून असा एक दिवस माझ्या वाट्याला आलेला नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर मी सासऱ्यांसमोर उभी राहिले. मानसिंगराव फौजेतून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना आबासाहेब म्हणतो.

"आबासाहेब, मैत्रिणींबरोबर जैसलमेरला जाऊन यावं म्हणते."

"अवश्य. सोबत कोण?"

इथे सीमंतिनीच्या भावाचं नाव घ्यायचं असतं. सगळ्या सुना तेच करतात. भाऊ स्टेशनपर्यंत येतो, गाडी सुटली की घरी जाऊन झोपतो, आणि सगळ्यांची अब्रू शाबूत राहते. पण माझ्या अंगात ताठा. मी म्हटलं, "कुणी नाही. आम्ही चौघीच."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, भांडणाची माझी तयारी होती. आबासाहेब हसले.

"अगं, मग मी आहे की. रिटायर माणसाला दुसरं काम काय?"

रात्रीच्या जेवणाआधी माझी सहल माझ्या हातातून गेली होती. आबासाहेबांनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. जागा उरल्या म्हणून त्यांच्या बहिणीला, लीलाताईंना, बोलावलं. पुरुषांत एकटं पडायला नको म्हणून शिवाजीराव नावाच्या जुन्या फौजी दोस्ताला बोलावलं. आम्ही निवडलेले तंबू त्यांनी एका वाक्यात नामंजूर केले: तंबूत जवान झोपतो, सुना नाही. मुक्काम जैसलमेर शहरात, त्यांच्या रेजिमेंटमधल्या कुणाच्या तरी घरी.

"गाणं किती वाजता संपतं?" त्यांनी मला विचारलं.

"पहाटे."

"मग आपण रात्री नऊलाच तिथून निघू. जेवायला उशीर नको."

नवऱ्याकडे दाद मागायला गेले. विक्रमसिंह मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "अरे यार, आबा मान गए ना? अब क्या प्रॉब्लम है? उलट मी पण सुट्टी टाकतो. सब साथ में चलेंगे, मजा येईल."

त्या माणसाला मी काय समजावणार? कुणी माझा दुस्वास करत नव्हतं. सगळे माझ्या भल्यासाठीच झटत होते आणि माझा जीव गुदमरत होता. आबासाहेब टोपी बाजारात जाऊन माझ्यासाठी उन्हाची टोपी घेऊन आले. स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर ठेवून बघितली. मी थँक्यू म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

मग सीमंतिनीचा फोन आला.

"ऐक, आम्ही तिघी तुमच्या गाडीतून नाही येणार. मी ट्रेनची चार तिकिटं काढलीत, तुझंही आहे. माझ्या घरी पण महाभारत झालं, पण मी ऐकलं नाही. तू बस एक बार मना कर दे उनको."

"एवढं सोपं आहे का?"

"सोपं नाही. पर करना तो तुझे ही पड़ेगा."

खरं होतं ते. मी आधी सासूबाईंना आपल्या बाजूला वळवायचं ठरवलं. आबासाहेब त्यांचं ऐकतात, निदान ऐकून घेतात. सुलोचनाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी सहलीला आधीच नकार दिला होता. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं: मला एकटीला जायचंय, आबासाहेब नकोत, विक्रम नको, कुणीच नको.

त्यांचे हात थांबले.

"ते घरी राहिले तर विक्रमही राहील," त्या म्हणाल्या.

"हो, राहील."

"शिखा, माझे गुडघे चांगले आहेत."

त्या खालच्या आवाजात बोलत राहिल्या. "हे फौजेत होते तेव्हा घरात सासू-सासरे होते, दोन नणंदा होत्या. ते लोक गेले तोवर हे रिटायर होऊन आले. माझ्या घरात मी एकटी अशी कधी राहिलेच नाही. तुम्ही सगळे जाणार म्हटल्यापासून मला झोप नाही येत, इतका आनंद झालाय."

"काय करणार तुम्ही चार दिवस?"

"काही नाही. मनात येईल तेव्हा जेवेन, नाही आलं तर नाही जेवणार. मोठ्याने टीव्ही लावेन." त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं ओली होती आणि पकड घट्ट होती. "तू तरुण आहेस. पुढच्या वर्षी जाशील. त्यांना घेऊन जा."

मीही पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करतच इथवर आले होते. पण हे त्या बाईंना सांगायला माझी जीभ रेटेना.

बाहेरच्या खोलीत आबासाहेब होल्डॉलचे पट्टे ओढून बघत होते. "शिखा, वाळूत बसायला सतरंजी न्यावी का?"

सुलोचनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे न बघता पदराला हात पुसत होत्या.

"न्या आबासाहेब," मी म्हटलं. "दोन न्या."

मग सीमंतिनीला निरोप पाठवला, माझं तिकीट रद्द कर. तिचं उत्तर आलं नाही. आत सुलोचनाबाईंनी कढईत फोडणी टाकली आणि मला विचारलं, मेथीत लसूण जास्त घालू का, तुला आवडतो ना. मी हो म्हटलं. माझे चार दिवस त्यांना मिळाले याचा मला राग आला होता, आणि तो कुणाला बोलूनही दाखवता येत नव्हता.