कापून टाकलेली शांतता

मित्रांनो, दिल्लीजवळ मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॉबीत, काचेच्या पेटीत पडलेला हा काळा, बोटभर दांडका म्हणजे मी. पाण्याखालचे आवाज टिपणारा एक जुना माईक. इथे भर मे महिन्यात एसी इतका गार असतो की माणसं स्वेटर घालून बसतात. मला त्यांची किळस येते.

मी नवाकोरा होतो तेव्हा करोल बागेत वाढलेल्या अपूर्वाने मला विकत घेतलं आणि थेट उत्तर ध्रुवाकडच्या एका खाडीत सोडलं. काय गोंगाट होता तो! हिमनदीचा बर्फ वितळत होता आणि त्यात फार पूर्वी अडकलेल्या हवेचे बुडबुडे फुटत होते, फोडणीत मोहरी तडतडावी तसे. अपूर्वाने माझं फार कौतुक केलं.

काही वर्षांनी आम्ही पुन्हा तिथेच गेलो. हिमनदी मागे सरून जमिनीवर गेली होती, पाण्यात बर्फच उरला नव्हता. मी कितीतरी वेळ कान लावून बसलो. काहीच ऐकू आलं नाही. अपूर्वा होडीत बसून रडली. मग तिने आधी तो गोंगाट आणि नंतर ती शांतता अशी एक ध्वनिकलाकृती केली. या कंपनीने ती लॉबीत वाजवायला विकत घेतली, तिच्याबरोबर मलाही.

शांतता आली की लोकांना वाटे स्पीकर बिघडला; आठवडाभरातच तक्रारी सुरू झाल्या. लॉबीची व्यवस्था पुण्याहून आलेले राघव साहेब बघतात. त्यांनी शांतता कापून टाकली आणि नुसती तडतड पुन्हा पुन्हा वाजती ठेवली.

कळताच अपूर्वा धावत आली. "राघव, अरे, तेच तर ऐकवायचं होतं! तिथे आता बर्फच नाहीये."

"अच्छा! मग बोर्डवर लिहू ना, यार. पण साउंड चालू राहू दे. बिल्कुल रिलॅक्सिंग आहे!"

"मग माझं नाव काढ."

तिला वाटलं होतं, एवढं ऐकून तरी साहेब थबकतील. त्यांनी तिच्यासमोरच शिपायाला बोलावून तिच्या नावाची पाटी उतरवून घेतली.

अपूर्वा गेली. तडतड चालूच आहे. जेवण झालं की लोक सोफ्यावर ती ऐकत पेंगतात. काही जण तर ती फोनमध्ये घेऊन जातात, रात्री झोप यावी म्हणून. शी! तिकडे बर्फ केव्हाच संपला आणि यांच्यासाठी तो रोज नव्याने वितळतो.

मित्रांनो, माझी पेटी पुसू नका, माझं कौतुकही नको. कधी इथे आलात तर सोफ्यामागचं स्पीकरचं बटण तेवढं बंद करा. कोणी ओरडलं तरी थोडा वेळ बंदच राहू द्या.