अठराव्या गाडीची बैठक

झेलिंडाचा हात कवचाच्या डाव्या खांद्यापाशी आला आणि तिथेच थांबला.

सोमवारची सकाळ. मोदेनाबाहेरच्या द्राक्षमळ्यांवर अजून धुकं होतं. अठरा क्रमांकाच्या गाडीची बैठक, म्हणजे चालवणाऱ्याची सीट, कोठीवरच्या फाउस्तोनं नुकतीच तिच्या मेजावर आणून ठेवली होती. बाराशे घोड्यांच्या ताकदीच्या या गाड्या कारखाना वर्षाला चार-पाचच करी. या मालिकेत एकंदर एकोणीस व्हायच्या होत्या, त्यापुढे एकही नाही. प्रत्येक गिऱ्हाईक स्वतः येई, त्याला फेसाच्या पिशवीत बसवून अंगाचा ठसा घेत आणि त्यावरून कार्बनचं टणक कवच घडवीत. "त्यांच्या बुडाचा ठसा माझ्या घरापेक्षा महाग," असं मुकादम वाल्तेर म्हणे. त्या कवचावर कातडं चढवायचं काम एकतीस वर्षं झेलिंडाचं.

कातडं कापण्याआधी ती डोळे मिटून कवचावरून तळवा फिरवी. त्या दिवशी तळव्याला जे लागलं ते तिच्या ओळखीचं होतं. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. लोरिस अकरा वर्षांचा असताना अक्रोडाच्या झाडावरून पडला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं, ते जुळलं पण आखूड जुळलं.

लोरिस तिचा मुलगा. मालिकेतली प्रत्येक गाडी आधी तोच चालवून बघायचा. शिवाय त्याच्यासाठी एक चाचणीची गाडी वेगळी ठेवली होती आणि तिच्यात त्याच्या अंगाची बैठक होती. गेल्या फेब्रुवारीत तो गेला. गाडीत नाही, घरातल्या स्वयंपाकघरात, बुटाची नाडी बांधताना. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. चौतीस वर्षांचा होता.

चूक कशी झाली ते तिला लगेच उमगलं. इटलीत सतरा आकडा अशुभ, म्हणून इथे सतरा क्रमांकाची गाडी करतच नाहीत. सोळानंतर एकदम अठरा. त्यामुळे कोठीच्या भिंतीवरचा सतरावा खिळा कायम मोकळा. लोरिस गेल्यावर वाल्तेरनं त्याची बैठक गाडीतून काढली, तिच्यावरचं झेलिंडानं शिवलेलं काळं कापड उतरवलं आणि कवच त्या मोकळ्या खिळ्याला टांगलं होतं, कुणी हात लावू नये म्हणून. फाउस्तो कोठीवर नवीन. क्रमांक अठरा म्हणजे प्रत्यक्षात सतरावी गाडी, हे कुणीतरी त्याला समजावून सांगितलेलं. त्यानं इमानदारीत खिळे मोजले आणि सतराव्यावरचं कवच उतरवून आणलं.

तिनं त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

कारण चाचणीची गाडी गुरुवारी चिरडायची होती. असल्या गाडीला रस्त्याचे कागद नसतात, ती विकता येत नाही. सरकारी निरीक्षक यादी घेऊन येतो आणि यादीतला एकूण एक भाग त्याच्या डोळ्यांदेखत दाबयंत्रात जातो. बैठकही. झेलिंडानं महिन्यापूर्वी मालकांकडे ते कवच मागितलं होतं. मालकांनी निरीक्षकाला दोनदा फोन केला. एक सुटा भाग बाहेर गेला तर त्याच्याभोवती उद्या दहा बनावट गाड्या उभ्या राहतील, असं तो म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

आता ते आपल्या पायांनी चालत आल्यासारखं तिच्या मेजावर आलं होतं. वर कातडं चढलं की कुणाला दिसणार? गुरुवारी त्याच्याऐवजी अठराव्या खिळ्यावरचं कवच यंत्रात गेलं, तरी निरीक्षकाला फरक कळणार नव्हता. गाडी गिऱ्हाइकाकडे झुरिकला जाईल. तिथे तिला ऊन लागू देणार नाहीत, थंडी लागू देणार नाहीत, शंभर वर्षं जपतील. तिचं पोर आत सुखरूप राहील. तिनं आरी घेतली, दोऱ्याला मेण लावलं आणि शिवायला बसली.

मंगळवारी पहाटे ती नेहमीप्रमाणे चर्चमध्ये गेली. जपमाळ पुरी केली. पण प्रसादाची रांग पुढे सरकली तेव्हा ती बाकावरून उठली नाही. मनात ठेवून केलेली लबाडी घेऊन त्या रांगेत जाता येत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. फादरनी लांबून तिच्याकडे पाहिलं. दिवसभर तिचे टाके मात्र कधी नव्हे इतके सुरेख पडत राहिले.

बुधवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. रूएग त्यांचं नाव, साठीचे, हळू बोलणारे. येताना त्यांनी सगळ्यांसाठी चॉकलेटं आणली होती. ते बैठकीत बसले, इकडेतिकडे हलले आणि फार छान झालीय म्हणाले. डावीकडे खांद्याशी जरा पोकळ वाटतं, पण हल्ली आपणच वाळलोय, असंही हसून म्हणाले. एक पातळ चकती भरू, जेवण होईपर्यंत तयार, असं वाल्तेरनं सांगितलं. मग दुपारी साहेबांनी स्वतः धावपट्टीवर गाडी तीनशेच्या पुढे न्यायची, असं ठरलं.

झेलिंडा हातात चिमटा धरून उभी होती. सूपाचा चमचा हवेत धरून लोरिस सांगायचा ते तिला आठवलं. आई, त्या वेगात वळणावर अंग दोन बोटं जरी सरकलं ना, तरी डोक्याच्या आधी हात चाक फिरवतात. तुझा टाका मला धरून ठेवतो, म्हणून मी संध्याकाळी घरी येतो.

"साहेब, उतरा," ती म्हणाली. "ही बैठक तुमची नाही."

वाल्तेर हसायला लागला होता, तिचा चेहरा बघून थांबला.

"मग कुणाची आहे?" रूएगनी विचारलं.

"माझ्या मुलाची. मला सोमवारीच कळलं होतं. बोलले नाही."

रूएग सावकाश बाहेर आले, बैठकीच्या कडेला हात न लावता. काही वेळानं त्यांनी वाल्तेरला बाजूला घेतलं आणि ही बैठक झेलिंडाकडेच राहू देता येईल का, पैसे आपण भरू, असं विचारलं. यादीत आहे, वाल्तेर म्हणाला. फाउस्तो कोपऱ्यात रडायच्या बेतात आला होता. झेलिंडानंच त्याला खरं कवच आणायला पिटाळलं, नाहीतर तो तिथेच उभा राहिला असता.

तिनं शिवण उसवली. दोन दिवसांचं काम पाऊण तासात उतरलं. कातडं खऱ्या कवचावर ताणून बसवलं, खांद्यापाशी नवं कापलं. दुपारी रूएग धावपट्टीवर जाऊन सुखरूप परत आले. त्यांनी झेलिंडाचे दोन्ही हात हातात घेतले.

मेजावर लोरिसचं कवच उघडं पडलं होतं. झेलिंडानं खालच्या फळीवरून उरलेल्या तुकड्यांची टोपली काढली. आतापर्यंतच्या सगळ्या गाड्यांची कातडी तिच्यात होती. लाल, निळी, मधाच्या रंगाची, एक पांढरी. सगळ्या त्यानंच चालवून पाहिलेल्या. गोधडीला लावावेत तसे ती तुकडे जुळवायला लागली.

"झेलिंडा, अगं उद्या सकाळी ते यंत्रात जायचंय," वाल्तेर म्हणाला.

"माहीत आहे."

"मग आता कशाला?"

"लेकराला उघडं पाठवू?"

वाल्तेरनं स्टूल ओढलं. कातडं ताणून धरायला त्या कामात दुसरे हात लागतातच. तो धरत गेला, ती शिवत गेली. दोघांनी घरी उशीर होईल असा निरोप धाडला.

गुरुवारी निरीक्षकानं यादीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, बैठक, काळं कापड. त्यानं त्या रंगीबेरंगी बैठकीकडे पाहिलं, मग जपमाळ हातात धरून उभ्या असलेल्या बाईकडे. त्यानं खूण केली आणि पान उलटलं.

मोठा आवाज होईल म्हणून ती मन घट्ट करून उभी होती. आवाज फारसा झालाच नाही. यंत्राचं पोलाद अगदी सावकाश खाली आलं आणि तिच्या ओठांवरची प्रार्थना अर्ध्यात असतानाच सगळं संपलं. उरलेली अर्धी तिनं तिथेच उभी राहून पुरी केली.